दाजींची मळणी

आमच्या दाजींइतका क्रमाने वागणारा माणूस पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो दाजींना विचारूनच तसा वागत असणार. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. आम्ही राजुरीचे, दाजी कळंबचे. लग्नात सगळा मांडव अक्षता मुठीत घेऊन उभा असताना दाजींनी गुरुजींना हळूच विचारलं होतं, "अंतरपाट आधी निघणार का हार आधी? दोन्ही एकदम नको, गोंधळ व्हईल." हे आक्का अजून सांगते, आणि दाजी अजून शांतपणे म्हणतात, "मग त्यात चुकीचं काय व्हतं?"

कशाच्या आधी काय, हे ठरल्याशिवाय दाजी जागचे हलत नाहीत. एकदा माझ्या चुलतभावाच्या लग्नात ते मांडव सोडून आचाऱ्यांमध्ये जाऊन बसले आणि तिथल्या भिंतीवर खडूने बाण काढू लागले. भात पाण्यासाठी थांबलाय, पाणी शेगडीसाठी, शेगडीवर रस्सा, आणि रस्सा कुणासाठीच थांबलेला नाही, तरी बसलाय. आचारी म्हणाला, "पावणं, तुमी मांडवात बसा की राव." पण त्या दिवशी पंगत अर्धा तास लवकर बसली, आणि जाताना त्या आचाऱ्याने भिंतीवरच्या बाणांचा मोबाइलवर फोटो काढून घेतलेला मी स्वतः पाहिला. दुसरं म्हणजे, जे बदललेलं नाही त्याला दाजी पुन्हा हात लावत नाहीत. घराला रंग द्यायचा ठरला तेव्हा त्यांनी चारी बाजूंनी फिरून पाहणी केली आणि फक्त पश्चिमेची भिंत रंगवली, कारण तेवढीच विटली होती. आक्का आठ दिवस बोलली नाही. फोनवरही तेच. फोन वाजतो, दाजी म्हणतात, "बाकी मागच्यासारखंच हाय. म्हैस व्याली, रेडी झाली," आणि फोन बंद. मागचा फोन दिवाळीत आलेला असतो.

असा माणूस सॉफ्टवेअरमध्ये गेला नसता तरच नवल. दाजींनी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, चाकणच्या एका कारखान्यात वर्षानुवर्षं काढली आणि एक दिवस कळंबला परत येऊन पशुखाद्याच्या दुकानावरची खोली घेतली. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर दूध थंड ठेवायच्या मोठ्या टाक्या असतात. त्या टाकीला किती वेळ गार करायचं, वीज गेली तर जनरेटर कधी सुरू करायचा, हे ठरवणारी एक पेटी टाकीशेजारी भिंतीवर असते. ती पेटी आणि तिच्यातला प्रोग्राम दाजी तयार करतात. पुण्यातली नोकरी सोडून मी त्यांच्याकडे आलो तेव्हा त्या खोलीत चार माणसं, पाच कॉम्प्युटर आणि पेंडीचा वास एवढं होतं. वास अजून आहे.

आता एक गोष्ट जरा समजावून सांगायला हवी. प्रोग्राम म्हणजे एकच मोठं लिखाण नसतं. शेकडो लहानमोठ्या फायली असतात. त्या ठरावीक क्रमाने तपासून, जोडून, त्यांचा एक चालणारा गठ्ठा करावा लागतो. हे काम करणारं एक वेगळं अवजार असतं. साऱ्या जगात लोक ते तयार घेतात. दाजींनी ते स्वतः लिहिलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मळणी'. एका बाजूने पेंढ्या टाकायच्या, दुसऱ्या बाजूने धान्य घ्यायचं. तयार मिळत असताना हा खटाटोप कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "बाजारातला सदरा अंगाला बसतो, मेव्हणं. पण खिसा आपल्याला पाहिजे तिथं नसतो."

मळणी खरोखरच देखणी होती. बदललेली फाईल तेवढीच पुन्हा घ्यायची, बाकीच्यांना हातही लावायचा नाही, त्यामुळे ती वाऱ्यासारखी चाले. पण तिचा स्वभाव दाजींचा होता. चूक झाली की ती काळ्या पडद्यावर शुद्ध गावरान मराठीत फैलावर घेई. "अरं लेका, अर्धविराम कुठं सांडला? शाळेत काय गोट्या खेळत व्हता?" असं पाच-सहा ओळी ऐकवून झाल्यावर शेवटी, मनात आलं तर, फाईलचं नाव आणि ओळीचा आकडा. आणि सगळं बिनचूक जमलं की पडद्यावर रेघा, चांदण्या आणि तिरप्या काड्यांचा एक बैल उभा राही. शिंगं, वशिंड, झूल, शेपटीचा गोंडा, सगळं. चाळीस ओळींचा बैल. तो काढायला दाजींना एक अख्खा श्रावण लागला होता, आणि कुणी पाहुणा आला की चहाआधी त्याला तो दाखवला जाई.

अडचण होती ती आमच्या एडिटरांची. प्रोग्राम लिहायची हल्लीची साधनं फार शहाणी असतात. लिहितानाच चुकीखाली लाल रेघ ओढतात, कीबोर्डवरच्या एका कळीसरशी चूक असलेल्या ओळीवर नेऊन सोडतात. पण त्यासाठी त्यांना कुठली फाईल कशाला जोडलेली आहे हे कुणीतरी सांगावं लागतं. मळणी ते कुणालाच सांगत नसे. त्यामुळे आमच्या एडिटरांना सगळंच चूक वाटे, आणि चांगल्या लिखाणाखालीही पानभर लाल रेघा, जणू गोवराची साथ आलीय. मी दाजींना तीनदा विनवलं की मळणीला एडिटरांशी बोलायला शिकवू या. दाजी स्वतः साध्या काळ्या पडद्यावर लिहीत. ते म्हणत, "एडिटर म्हंजी पाटी. पाटीनं पाटीसारखं ऱ्हावं. गणित तिनं सांगायचं न्हाई." मग मी त्यांच्या नकळत फायलींची एक यादी हाताने करून माझ्या एडिटरला दिली. आठ दिवसांत ती शिळी झाली आणि मी भलतंच जोडून बसलो. दाजींनी ती यादी शोधून काढली आणि एवढंच म्हणाले, "घरात दोन घड्याळं लावली की वेळ इचारायला शेजारी जावं लागतं." पुढे कुणी तो विषय काढला नाही.

मग सुमन आली. सुमन घोडेगावच्याही पलीकडच्या डोंगरातली, भात आणि नाचणी पिकवणाऱ्या घरातली. अकराव्या वर्षी तापात तिची दृष्टी गेली. पुढे ती पुण्याला शिकली, आणि पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम कानाला लावून कॉम्प्युटरवर आमच्यापेक्षा जलद लिहू लागली. मुलाखतीत दाजी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात, "चहा कसा करतेस?" बहुतेक जण पाण्यापासून सुरुवात करतात. सुमन म्हणाली, "आधी दूध नासलंय का ते बघते. नासलं असंल तर पुढचं कशाला करायचं?" दाजींनी उभं राहून तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. नंतर मला म्हणाले, "मेव्हणं, हे डोस्कं आपल्या कामाचं हाय."

पण महिनाभरात दाजींचा चेहरा उतरला. सुमनचं लिखाण नेटकं असे, पण काम पुढे सरकत नसे. एकदा मळणी चालवली की ती कितीतरी वेळ कानाला हेडफोन लावून मान खाली घालून बसे. "पोरगी हुशार हाय," दाजी जिन्यात मला म्हणाले, "पन हात जड हाय. मला वाटतं माझीच निवड चुकली." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

खरा प्रकार उघडा पडला तो एका पंख्यामुळे. टेबलपंखा हलवताना माझा पाय हेडफोनच्या वायरीत अडकला, वायर निघाली, आणि सुमनचा कॉम्प्युटर साऱ्या खोलीला ऐकू जाईल असा बोलू लागला. बातम्या देणाऱ्या बाईच्या सभ्य, सपाट आवाजात तो म्हणत होता, "स्टार स्टार डॅश डॅश स्लॅश. नवी ओळ. स्टार डॅश स्लॅश स्लॅश..." आम्ही सगळे थांबलो. सुमन वायर चाचपू लागली, पण दाजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे." आवाज चालूच राहिला. खाली दुकानात पोती उतरत होती, आणि वर आम्ही पाच माणसं स्टार आणि डॅश ऐकत उभी होतो.

"हे काय वाचतंय?" दाजींनी शेवटी विचारलं.

"बैल, सर."

"कुणाचा बैल?"

"तुमचाच."

कुणी हसलं नाही, कारण दाजी हसले नव्हते.

"बैल आला म्हंजी काम झालं, एवढं मला कळतं," सुमन म्हणाली. "पन त्याच्या खाली आणि काय लिवलंय का, हे शेवटपर्यंत ऐकल्याबिगर कसं समजणार? बैल लई मोठा हाय, सर. शिंगापास्नं शेपटीपर्यंत माझा चहा गार व्हतो."

"आन् चूक आली तर?"

"तर आधी तुमचं बोलणं ऐकायचं. मंग शेवटाला ओळीचा आकडा. मंग त्या फाईलीत एकेक ओळ मोजत खाली जायचं. दुसऱ्या हापिसांत एडिटर एका कळीवर न्हेतं म्हनं. आपल्या इथं मळणी त्याला काय सांगत न्हाई, मंग ते तरी बिचारं कुठं न्हेणार?"

"दिवसात किती येळा व्हतं हे?"

"चाळीस-पन्नास." मग म्हणाली, "सर, ह्या महिनाअखेरीला मी सोडणार व्हते. तुमाला सांगायचं धाडस झालं न्हाई."

दाजींनी पायांत चपला घातल्या आणि ते जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. मग आक्काचा फोन आला. "अरे, ह्यांनी डोळ्याला टॉवेल बांधलाय आणि कॉम्प्युटरसमोर बसलेत. कालपासून जेवायलासुद्धा सोडत नाहीत. आमटीच्या वाटीत हात घातला, उंबऱ्याला ठेचाळले, आणि ते मशीन सारखं स्टार स्टार करतंय. अंगात आलंय की काय, येऊन बघ." मी मोटरसायकल काढली तशी सुमन म्हणाली, "मला पन न्ह्या."

ओसरीत दाजी खरंच टॉवेल बांधून बसले होते. हनुवटीवर आमटी. सुमनचा आवाज ऐकून ते ताठ झाले. "मला कळायला पाहिजे," ते म्हणाले, "तुला काय व्हतं ते."

"डोळं बांधून तुमाला माझं काय कळणार, सर?" सुमन म्हणाली. तिच्या आवाजात राग होता आणि तो लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. "दोन दिस बांधल्यावर अंधार कळतो, काम न्हाई कळत. मी चौदा वरसं अशीच काम करतेय. मी इथं कळंबात, त्याच खोलीत, तुमच्यापास्नं चार हातांवर बसते. मला इचारायचं व्हतं की."

दाजींनी टॉवेल सोडला, त्यानेच तोंड पुसलं आणि अगदी लहान आवाजात म्हणाले, "बस. सांग. आधी काय पाहिजे?"

त्यानंतरचा सव्वा महिना मी जन्मात विसरणार नाही. सुमन सांगे, दाजी लिहीत. पहिल्याच दिवशी भांडण झालं ते शिव्यांवरून. दाजींचं म्हणणं, चूक झाली तर बोलणी बसलीच पाहिजेत, त्याशिवाय माणूस सुधारत नाही. सुमन म्हणाली, "ओरडा की. कोन नको म्हनतंय? पन आधी फाईल सांगा, ओळ सांगा, काय चुकलं ते एका वाक्यात सांगा, आन् मंग पोटभर ओरडा." क्रमाचा मुद्दा निघाल्यावर दाजींचा नाइलाज झाला. कशाच्या आधी काय, हे त्यांना कुणी सांगावं लागेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. मग त्यांनी मळणीला एक नवी रीत शिकवली. प्रत्येक वेळी चालताना ती स्वतःच एक टिपण लिहून ठेवी, कुठली फाईल कशाला जोडलेली, कुठला भाग कुठून आला. ते मळणीच लिही, म्हणून ते कधी शिळं होत नसे, आणि कुठल्याही एडिटरने ते उघडून वाचावं. माझी हाताने केलेली यादी आठवून दाजी एकदा मला म्हणाले, "तुझा इचार बरोबर व्हता, मेव्हणं. लिहिणारा चुकीचा व्हता." पुण्यातली वर्षं धरून माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीतली हीच एक शाबासकी.

ज्या दिवशी ते जमलं त्या दिवशी आमच्या एडिटरांतल्या लाल रेघा एकदम नाहीशा झाल्या, आणि ज्या चार उरल्या त्या खऱ्या चुका निघाल्या, सगळ्या माझ्या. सुमनने एक कळ दाबली. एडिटर तिला थेट त्या ओळीवर घेऊन गेला आणि कानात एक वाक्य बोलला. तिने पुन्हा कळ दाबली. पुढची चूक. ती नुसती कळ दाबत राहिली, आणि दाजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. बैल मात्र मागितल्याशिवाय आता येत नाही. त्याला दाजींनी स्वतःच्या हाताने बाजूला काढून ठेवलं, आणि त्या दिवशी ते जेवले कमी, असं आक्का सांगते.

खरी परीक्षा उन्हाळ्यात झाली. लोणीच्या संकलन केंद्रावर टाकीचा जुना सेन्सर बिघडला म्हणून तिथल्या मिस्त्रीने नव्या जातीचा बसवला. तो तापमान वेगळ्याच मापात सांगे आणि आमच्या पेटीला ते समजेना. दूध पुरेसं गार झालंय असं समजून ती थंडावा बंद करी. दुपारी एक वाजता केंद्रावरच्या बाईंचा फोन आला, "टाकी कोमट लागतीया, भाऊ. सकाळचं दूध आत हाय, आन् पाचला संध्याकाळचं यायला लागंल." साऱ्या गावाचं दोन वेळचं दूध. दाजींनी मंचरहून बर्फाच्या लाद्या जीपमध्ये भरल्या आणि टाकीला बाहेरून बर्फ लावायला ते स्वतः लोणीला निघाले. दारात थांबून त्यांनी मागे पाहिलं. बारा वर्षांत त्यांचा हात लागल्याशिवाय एकही प्रोग्राम त्या खोलीतून बाहेर गेला नव्हता. "सुमन, तू कर," म्हणाले आणि गेले.

सुमनने नवं माप लिहिलं तशी एडिटरने अकरा जागा समोर ठेवल्या, जिथे जिथे जुनं माप धरून काम चाललं होतं. त्यांतल्या दोन तर मला माहीतच नव्हत्या. ती एकेका जागी जात होती, दुरुस्त करत होती, पुढे जात होती. एवढ्यात दाजींचा फोन. "बर्फ लावला. झालं का?" सुमन म्हणाली, "न्हाई, सर." दहा मिनिटांनी पुन्हा. "कुठवर आलं? त्या पाचव्या फाईलीत एक गंमत हाय, ती..." सुमनने शांतपणे सांगितलं, "सर, फोन ठेवा. मला दोनच कान हायेत, आन् दोन्ही कामात हायेत." पलीकडून "बरं बरं" असं ऐकू आलं आणि दाजींनी फोन ठेवला. पावणेचारला तिने शेवटची कळ दाबली, मळणी फिरली, मी तिच्यासाठी शेजारच्या चाचणीच्या पेटीवरचे आकडे मोठ्याने वाचले, आणि नवा प्रोग्राम लोणीच्या पेटीत गेला. वीस मिनिटांनी लोणीहून फोन आला तो त्या केंद्रावरच्या बाईंचा. त्या म्हणाल्या, "टाकी गार व्हाया लागली. आन् तुमचं सायेब हिथं बर्फाच्या पाण्यात बसूनशान हसत्यात. बरं हाये ना त्यांचं?"

आता खोलीत नऊ माणसं आहेत. ज्याला जो एडिटर आवडतो त्यात तो लिहितो. नव्याने येणाऱ्यांना मळणी हे नावही लवकर कळत नाही. ते बटण दाबतात आणि काम होतं. दाजींना दुपारी फारसं काही उरत नाही. कधी खाली दुकानात जाऊन बसतात, कधी माझ्या पाठीमागे उभे राहून विचारतात, "अडलं का कुठं?" अडलेलं नसतं.

सुमन रविवारी तिच्या गावच्या शाळेच्या खोलीत सहा-सात मुलींना प्रोग्राम लिहायला शिकवते. त्यांतल्या दोघींना दिसत नाही. परवा दाजी म्हणाले, आपण जाऊन बघू. आम्ही गेलो. दाजी सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, मांडी घालून बसले आणि दीड तास ऐकत राहिले. एका मुलीचा प्रोग्राम पहिल्यांदा चालला तेव्हा ती एवढ्या जोराने ओरडली की बाहेरच्या शेळ्या उधळल्या. मी पाहिलं तर दाजी उठून तिच्यापाशी गेले होते आणि वाकून तिला काहीतरी विचारत होते. काय, ते मला ऐकू आलं नाही, पण ती त्यांना बराच वेळ हात हलवून समजावून सांगत होती आणि ते मान डोलवत होते.

परत येताना डिंभ्याच्या धरणापाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. ऊन कलतं झालं होतं. पाणी खाली गेलेलं, काठावरच्या मातीला भेगा, लांब एक होडी. दाजी दगडावर बसले.

"मेव्हणं," ते म्हणाले, "मी बारा वरसं रांधत व्हतो. लई चांगलं रांधत व्हतो, ह्यात काय खोटं न्हाई." मग पाण्याकडेच बघत, "पन ताट एकच मांडत व्हतो रं, माझ्यापुरतं."

मी त्यांच्या शेजारी बसलो. होडी हळूहळू या काठाला येत होती, तिच्यातली माणसं मोठ्याने काहीतरी बोलत होती, आणि दाजींनी त्यांना ओळखदेख नसताना हात केला.